एका हाताने उघडणारा लॅपटॉप

(ओश शहरातल्या बाजारात लॅपटॉपचं दुकान. दिवस कलतोय. उलकान, बिश्केकहून आलेली तिची धाकटी बहीण बेर्मेट आणि दुकानदार कुबातदादा.)

कुबातदादा : याच्याहून हलका माझ्याकडे नाही, पोरी. यात आता काय खोट काढलीस?

उलकान : उघडत नाही.

कुबातदादा : दुसरा हात लाव की. एका हाताने झाकण उचललंस तर अख्खाच वर येणार. हलक्याचं असंच असतं.

बेर्मेट : ताई, मघापासून प्रत्येकाला तुझं हेच चाललंय. तो पलीकडचा घे. एका हाताने उघडतो.

उलकान : जड आहे. पोटावर ठेवायचाय मला.

बेर्मेट : का? टेबलाला काय झालं?

उलकान : टेबल आहे जागेवर. मी नसते तिथे. आईशेजारी पडल्या पडल्या करते भाषांतराची कामं.

बेर्मेट : ती झोपली की उठायचं ना.

उलकान : हात सोडत नाही. सोडवला की जागी होते, दाराकडे निघते. म्हणते, मेंढ्या सुटल्या.

बेर्मेट : फोनवर तर सांगायचीस, आई शांत असते.

उलकान : असतेच. हात धरलेला असला की.

बेर्मेट : मला बोलायचंस तरी.

उलकान : बोलून काय? तू म्हणाली असतीस, बाई ठेव. ठेवली होती. आईने तिचा हात झटकून टाकला.

कुबातदादा : जरा थांबा. हा बघ. वापरलेला आहे, पण हलका. बिजागरी सैल पडलीये म्हणून कोणी घेत नाही. टेबलावर ठेवला की पडदा मागे लवंडतो.

उलकान : आणि गुडघे वर घेऊन मांडीला टेकवला तर?

कुबातदादा : मग कशाला लवंडतोय? उघडून बघ.

उलकान : अंगठ्याने उघडला. हाच द्या.

बेर्मेट : ताई, जुना मोडका कशाला? मी देतेय ना पैसे. नवा घे.

उलकान : नवा सैल व्हायची वाट कोण बघणार, बेर्मेट? दमले गं मी.

कुबातदादा : बॅटरी नवी घालून देतो. तिचे पैसे वेगळे नकोत.

उलकान : लवकर घाला, दादा. शेजारीण बसलीये आईजवळ. अंधार पडला की आई तिलाही ऐकत नाही.

बेर्मेट : उद्याची गाडी मी सोडते.

उलकान : तुझं ऑफिस?

बेर्मेट : बघू. आज मी झोपते तिच्याजवळ. तू आतल्या खोलीत जा.

उलकान : ती ओळखणार नाही तुला.

बेर्मेट : नाही ओळखलं तर नाही. हात धरेल का?

उलकान : धरेल बहुतेक. आपले हात सारखेच आहेत.

बेर्मेट : मग झालं.

उलकान : अंगठी तेवढी काढून ठेव. आई ती फिरवत बसते, बोट सोलून निघतं.