हातमोजे

पांढरकवड्याच्या स्टँडवर मी यवतमाळच्या गाडीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर भंगार गोळा करणारा एक माणूस अन् त्याची म्हातारी मावशी बसले होते.

“काहून रे धर्मपाल, पोतं रिकामंच?”

“फवारणीच्या बॅटरीपंपातले जुने सेल आता मले कोनी देत नाही, मावशी. परवानावाल्या कंपनीलेच द्याचे, असा नवा नियम आला.”

“कोनं आनला?”

“त्याच कंपनीनं आनवला. सेलात लिथियम राह्यते, कोबाल्ट राह्यते. साऱ्या जगाले थे पाह्यजे. परदेशात मोठी परिषद झाली, तिथं ह्यायनं माहा व्हिडिओ दाखवला.”

“तुहा?”

“उन्हाळ्यात कंपनीचे साहेब आलते ना घरी? सेल कसे निवडतो थे दाखवा म्हने. मी दाखवलं.”

“तेच का, ज्यायले मी चहा पाजला?”

“तेच. परिषदेत म्हने, ‘हे लोक उघड्या हातांनी सेल फोडतात. यांच्या हाती हा माल देणं धोक्याचं आहे, आम्हालाच द्या.’ काल तालुक्याच्या सभेतही तोच व्हिडिओ लावला. मी मागंच उभा होतो.”

“आग लागो त्यायच्या परिषदेले! हातमोज्याबिगर तू कधी सेलाले शिवला नाहीस!”

“हातमोजे होतेच. साहेब दारात आले, जयभीम कराले काढले.”

“मंग परत घालाचे होते!”

“घालालेच गेलतो. साहेब म्हने, ‘राहू द्या, धर्मपालभाऊ. कष्टाचे हात जगाला दिसू द्या.’”