विषाणूचा यजमान

दातांच्या दवाखान्यात माझ्यासमोर दोघी बहिणी बोलत होत्या.

“ताई, प्रयोगशाळेतली नोकरी काय म्हणते?”

“वटवाघळांतल्या विषाणूंची जनुकं संगणकात नोंदवते. पहिल्याच दिवशी घोळ घातला. एक रकाना होता, ‘विषाणूचा यजमान’. मी ह्यांचं नाव टाकलं.”

“अगं, यजमान म्हणजे विषाणू ज्याच्या अंगात राहतो तो प्राणी!”

“आता कळून काय उपयोग? यादी जगभर गेली. तिकडून विचारलंय, हा प्राणी दिवसा काय करतो?”

“मग?”

“खोटं कशाला सांगू? कळवलं, झोपतो. अंधार पडला की खायला उठतो.”

“अगं बाई! मग?”

“मग काय, कुणाला शंकासुद्धा आली नाही.”

“हळू बोल, भावजी शेजारीच बसलेत.”

“भरदुपारी ते कसले ऐकतायत?”