वरची जागा

...अहो, पण मला कुणी सांगितलं होतं का, की त्या पेटीच्या आत बस असते म्हणून? एक होती सून, एक होती सासू, म्हणजे मीच, आणि सुनेचा एक कॉम्प्युटर, असं आमचं तिघांचं घर; मुलगा बोटीवर. सूनबाई हलती चित्रं करते. तुम्हाला सांगते, ढगांवरून चालणारी एक मुलगी केली होती तिनं, इतकी हलकी, की बघताना आपलेच पाय उचलल्यासारखे वाटावेत... शनिवार संध्याकाळपर्यंत ती पुरी करून पाठवली तर कायमची नोकरी, नाहीतर नोकरी दुसऱ्या कुणाला. म्हणून मुद्दाम कॉम्प्युटरच्या पोटात बसवायचं नवं कार्ड आणलं, चित्रं झपाझप व्हावीत म्हणून. कसलं झपाझप! मुलीनं पाऊल उचलावं, तर ते टेकेपर्यंत आमचा चहा पिऊन व्हावा. आम्ही दोघी बघत बसायचो, गप्पा मारायचो, मला पेंग यायची, पेंगेत मीही ढगावर... आणि ढग काही पुढे सरकेना.

शुक्रवारी दुरुस्तीवाला आला. कॉम्प्युटरच्या पेटीत डोकं घालून म्हणाला, "आजी, बस."

मी बसले.

"तुम्ही नाही हो, बस अडलीय."

म्हटलं, संपावर गेली काय? मग त्यानं समजावलं, की कार्डापासून कॉम्प्युटरच्या मेंदूपर्यंतच्या रस्त्याला म्हणे बस म्हणतात. कार्डं वर्षागणिक तगडी होतायत, रस्ता बिचारा मागेच. आणि त्यात आमचं नवं कार्ड खालच्या खाचेत, तिथला रस्ता चारच पदरी. सोळा पदरी रस्ता वरच्या खाचेला, तिथे जुनं कार्ड पाय पसरून बसलेलं. मग ढग सरकणार कसा?

"हा शहाणपणा कुणाचा?" त्यानं विचारलं.

सून खिडकीबाहेर बघायला लागली. सांगेना. कारण सांगितलं होतं मी! दिसायला दोन्ही खाचा सारख्याच, आणि कार्ड बसवताना मी म्हटलं होतं, नवी आली की लगेच वर नाही बसवायची गं, आधी खाली बसून घर बघू दे, मोठ्यांची जागा मोठ्यांना. ती ऐकते हो. आठ वर्षं ऐकतेय.

म्हटलं, "माझा. उठवा त्या म्हातारीला."

अदलाबदल झाली, आणि मुलगी चालायला लागली... ढग मऊ, पाय हलके, शनिवारी दुपारीच पार पलीकडे पोचली. सूनबाईला नोकरी लागली, कायमची. मुलगाही आता बोटीवरून उतरतो म्हणतोय. भरून पावले. फक्त हल्ली चित्रं कशी, पापणी लवायच्या आत तयार... मग म्हातारीशेजारी बसून गप्पा मारायला सुनेला वेळ कुठला?