ओळखीच्या यादीतली होडी

माझे नाव वरच्या रकान्यात लिहिले आहे. वय ४१ वर्षे, धंदा नोकरी, डेटा सेंटरमध्ये पाळीचा ऑपरेटर, राहणार केबल स्टेशनच्या मागची वसाहत, खोली सात. आज दुपारी ४.५० वाजता स्वतः ठाण्यात हजर राहून सांगतो ते असे. सोबत वहिनी आहे. ती बाहेर बाकावर बसली आहे. तिला यातले अर्धेच माहीत आहे.

समुद्राखालची केबल शेजारच्या स्टेशनात जमिनीवर येते आणि भिंतीपलीकडे आमच्या यंत्रांना मिळते. किनाऱ्यालगत केबलच्या पट्ट्यात नांगर टाकायला मनाई आहे. तिथे कॅमेरा आहे. एखादी होडी दहा मिनिटे थांबली की आमच्याकडे भोंगा वाजतो, तो आतल्या हॉलमध्येही ऐकू येतो. मग मी स्टेशनच्या पहारेकऱ्याला कळवतो आणि तो गस्तीची बोट घेऊन जातो. देखभालीच्या बोटींसाठी ओळखीची यादी असते. यादीतल्या बोटीला भोंगा वाजत नाही.

माझा थोरला भाऊ मासेमारी करतो. आई गेल्यापासून तो रोज एकच्या सुमारास त्या पट्ट्यात होडी उभी करतो, कारण तिथून माझी खिडकी दिसते. तो होडीत डबा उघडतो, मी खिडकीत. डब्याचे झाकण हलवून दाखवायचे आणि जेवायला लागायचे. दोन्ही डबे वहिनीच भरते. एकट्याने जेवायचे नाही, असा आईचा दंडक होता. बाप्ये माणसे असून आम्ही हे करतो म्हणून कुणाला सांगत नाही. रोजची भोंग्याची कटकट नको, म्हणून मी त्याची होडी यादीत घातली. नियमात ते बसत नाही. त्याला एवढेच बजावले होते, "दादा, लोखंडी नांगर नको, दगड बांध. केबलला काही झालं तर माझी नोकरी गेलीच म्हणून समज." तो म्हणाला, "तुझ्या दोरीला मी धक्का लावीन होय रे?" केबलला तो दोरीच म्हणतो.

आज १.०५ ला झाकण हलले. मीही हलवले. दोन घास खाल्ले असतील, तोच १.१२ ला केबलचा प्रवाह शून्यावर आला आणि मी आत हॉलमध्ये धावलो. १.५० ला खिडकीशी आलो तर होडी नव्हती. चोराच्या मनात चांदणे. मला वाटले, दादाच्याच हातून केबल तुटली आणि तो घाबरून पळाला. इन्चार्ज मॅडमनी विचारले, "खिडकीतून काही दिसलं का?" मी म्हणालो, "एक अनोळखी होडी होती. गेली." दादाचा फोन लागेना. मुद्दाम बंद ठेवला असेल, शहाणा आहे, असे मनाशी म्हणालो.

२.४० ला मोजणी आली. बिघाड बेचाळीस किलोमीटर आत, खोल पाण्यात आहे. दादाचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. माझा जीव भांड्यात पडला. मी उरलेला डबा खाल्ला. जबाब घेणारे साहेब म्हणाले, हे लिहायची गरज नाही. मी म्हणालो, लिहा.

४.१० ला वहिनीचा फोन आला. "भाऊजी, हे तुमच्याकडे आलेत का? दोनला येतात, अजून पत्ता नाही." मी म्हणालो, "येईल, जातो कुठे." फोन ठेवून मी कॅमेऱ्याचे चित्रण लावले.

१.१६ ला दादा दोर ओढताना दिसतो. दोर येत नाही. ठाण्यात येताना वाटेत वहिनीने सांगितले की दगडाचा दोर काल तुटला, म्हणून त्याने आज शेजाऱ्याचा लोखंडी नांगर नेला होता. त्याच्यापाशी कोयता असतो. दोर कापून तो निघून जाऊ शकला असता. तो खिडकीकडे बघून झाकण हलवतो. पुन्हा हलवतो. मग सदरा काढून घडी करतो आणि १.२१ ला दोर धरून पाण्यात उतरतो. एकदा वर येतो, परत जातो. १.२९ ला दोर सैल पडतो आणि रिकामी होडी पट्ट्याची हद्द दाखवणाऱ्या तरंगत्या लाल पिंपाच्या दक्षिणेला वाहत चित्राबाहेर जाते. दादा दिसत नाही. होडीच्या पलीकडून वर आला असेल तर कॅमेऱ्यात येणार नाही. भोंगा चालू असता तर सव्वाला वाजला असता.

मी फोन केल्यावर बचाव बोटीच्या कार्यालयाने ठाण्याची नोंद आणि नेमकी जागा मागितली. जागा त्या चित्रणातच आहे. त्याची प्रत मी कुणाला न विचारता आणली आहे, ती टेबलावर ठेवली. माझ्या नोकरीचे व्हायचे ते होईल. उजेड साडेसहापर्यंत आहे, साहेबांनी तेवढे बघावे.

जागा कळवल्यावर बोट ५.१८ ला सुटली, असे साहेबांनी सांगितले. त्यानंतर जबाब वाचून दाखवला. वाचताना दार उघडे ठेवा, अशी विनंती मी केली होती, कारण वहिनीला तोंडाने सांगणे मला जमले नसते. वाचून झाल्यावर ती दारात आली आणि तिने विचारले, "भाऊजी, डबा सगळा संपवलात?" मी हो म्हणालो. तेही शेवटी लिहून घेतले आहे. सर्व मजकूर मी सांगितला तसाच आहे, त्यात खोटे काही नाही.