पडदा आणि कुंड्या

दातांच्या दवाखान्यात नंबर यायला वेळ होता आणि शिंपीणबाईंचे कान रिकामेच होते. शेजारच्या बाकावर दोन म्हाताऱ्या मैत्रिणींचं चाललं होतं.

"लेक म्हणते, एकटी राहू नकोस, माझ्याकडे ये."

"बरोबरच आहे की!"

"एकटी कुठे गं? सकाळी मी पडदा उघडला की समोरच्या मास्तरांना कळतं, बाई उठल्या. त्यांनी कुंड्यांना पाणी घातलं की मला कळतं, मास्तर ठणठणीत आहेत. किल्ल्याही एकमेकांकडे."

"आणि नाहीच उघडलास पडदा, तर?"

"परवा नाही उघडला. धावत आले. एका पायात चप्पल, तोंडाला पेस्टचा फेस."

"अगं बाई! काय झालं होतं तुला?"

"मला काय व्हायचंय? म्हटलं, खरंच बघतात का ते बघावं."

शिंपीणबाईंचा नंबर पुकारला. "तुम्ही व्हा पुढे, माझा दात थांबलाय दुखायचा," त्या मागच्या माणसाला म्हणाल्या.

"बिचारे मास्तर!"

"कसले बिचारे! काल त्यांच्या कुंड्या कोरड्या ठणठणीत. हे गुडघे घेऊन धापा टाकत जिना चढले, किल्ली लावली, तर स्वारी टेबलाशी. समोर दोन कप, चहा गाळून तयार."

"मग लेकीला काय कळवलंस?"

"कळवलं, सध्या सवड नाही. उद्या पडदा उघडायचा की नाही, ते अजून ठरायचंय."