शाळेचं कुंपण

पर्यावरण मला पुस्तकानं नाही, ध्रुपदामावशींनी शिकवलं, तेही अपमान करून.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर मी जिंतूर रस्त्यावरच्या एका गावात मास्तर होतो. शेजारच्या ध्रुपदामावशींच्या शेळ्या शाळेची बाग फस्त करायच्या. म्हणून मी सेलूहून गुलाबी फुलांच्या एका परदेशी झुडपाच्या फांद्या आणून कुंपणाला खोचल्या.

"मावशी, याला शेळी तोंडसुद्धा लावत नाही," मी ऐटीत सांगितलं.

"शेळी खात न्हाई म्हंजे कुणीच खात न्हाई. मग ते थांबंल कुठं, गुर्जी?"

मी नुसता हसलो. दोन वर्षांत झुडूप नाल्यात उतरलं, नाला तुंबला आणि पावसाचं पाणी थेट मावशींच्या चुलीपर्यंत गेलं. मी लाजेनं कोयता घेऊन सगळं तोडलं आणि काठावर टाकलं. आठवडाभरात त्या तोडलेल्या फांद्याही फुटल्या!

मावशी पदर खोचून आल्या. "लय गुणाचं आणलंत. नाव काय म्हनायचं?"

मी मान खाली घालून म्हणालो, "बेशरम."

"तुमचं न्हाई इचारलं," मावशी म्हणाल्या, "झाडाचं सांगा."