सूज उतरेपर्यंत

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर एक निवृत्त मास्तर बसले होते. त्यांच्या बायकोचं ऑपरेशन उद्या होतं. डोळे पेपरात होते, पण कान मात्र शेजारच्या नणंद-भावजयीकडे लागलेले.

“वहिनी, मी चहाला गेले तेवढ्यात डॉक्टर येऊन गेले म्हणे! दादाचं काय म्हणाले?”

“झडप बदलली. हृदय पुन्हा चालू झालंय.”

“मग तोंड का असं उतरलंय?”

“छाती उघडीच ठेवलीय.”

“अगंबाई! शिवायला विसरले की काय?”

“विसरतील कसे? हृदयाच्या स्नायूला सूज आलीय. आत्ता दाबून बंद केली, तर हृदयाला हलायला जागाच उरणार नाही. वरून नुसता पातळ पडदा लावलाय. सूज उतरली की शिवतील म्हणे.”

“आणि नाही उतरली तर?”

“ते विचारायला माझी जीभच रेटली नाही.”

“उतरेल गं.”

“यांना विचारलं असतं, तर म्हणाले असते, ‘दाबा हो, बसतंय!’ गावाला जाताना बॅगेवर बसून चेन लावणारा माणूस तो.”

“आणि दर वेळी चेन तुटणार!”

दोघी हसल्या. नणंद पायाशी ठेवलेली बॅग आवरू लागली.

“वहिनी, ही बॅग येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात येतेय. दादाची शाल काही मावत नाहीये. बसू का वर?”

“नको. राहू दे उघडी.”

मास्तरांनी पेपरची घडी घातली आणि सरकून बाकावर बॅगेला जागा करून दिली.